पऱ्हाटीच्या कोळशापासून हायड्रोजनचा स्वस्त कॅटॅलिस्ट : आकडे जरा जास्तच चांगले येताहेत, कुणी तपासून द्याल का?

पांढरंसोनं | रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वेळा वाचनमात्रच असते, हा माझा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे वेचणी संपली की शेताशेतांत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभ्या राहतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या बांधावर पेटवून देतात. एमएस्सीच्या दोन मुलींना प्रकल्प हवा होता, तेव्हा म्हटलं याच पऱ्हाटीचा कोळसा करून पाण्यातून हायड्रोजन काढायला कॅटॅलिस्ट (क्रिया सोपी करणारा पदार्थ, उत्प्रेरक) म्हणून वापरून बघू. प्लॅटिनम आपल्याला परवडणारं नाही, पऱ्हाटी फुकट.

कृती थोडक्यात : पऱ्हाटी सोलून, धुऊन, वाळवून मिक्सरमधून काढली. त्यात युरिया मिसळला (कोळशात नायट्रोजन घुसावा म्हणून. गोणी माझ्या सासऱ्यांच्या शेतातली). नायट्रोजनच्या प्रवाहात ८०० अंशांवर भट्टीत दोन तास. मग आम्लाने धुऊन बारीक पूड. पुडीची शाई करून ३ मिलिमीटरच्या ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर ५ मायक्रोलिटरचा थेंब सोडायचा. हा इलेक्ट्रोड म्हणजे तूरडाळीच्या दाण्याएवढी काळी टिकली. द्रावण अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्ल.

आता गंमत. पहिल्या दिवशी दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर मिळवायला ३४० मिलिव्होल्ट जास्तीचे द्यावे लागले (जितके कमी तितकं चांगलं). म्हणजे सुमारच. पण इलेक्ट्रोडचं व्होल्टेज वर-खाली फिरवत ठेवलं तसा तो सुधारत गेला. १००० फेऱ्यांनंतर १९०, ३००० फेऱ्यांनंतर ८५! प्लॅटिनमला साधारण ३० लागतात. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

मुली हवेत आहेत. प्राचार्य पेपरात बातमी देऊ म्हणताहेत. मला मात्र दोन दिवस झोप नाही. वापरून वापरून सुधारणारी वस्तू मी आजवर एकच पाहिली आहे, ती म्हणजे लोखंडी तवा.

---

वाचकमात्र | रविवार, रात्री १०:४१

अभिनंदन! विदर्भातून असं काही येतंय याचाच आनंद. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

जुगाडू | रविवार, रात्री ११:०५

मस्तच ताई. माझ्या मावसभावाने गाडीला हायड्रोजनचं किट बसवलंय. डब्यात पाणी आणि सोडा, बॅटरीवर चालतं. मायलेज वाढलं म्हणतो. तुमची पूड त्यात टाकली तर?

---

निवृत्त_तारतंत्री | सोमवार, सकाळी ६:१५

जुगाडूभाऊ, मावसभावाला सांगा, किट काढून विका. गाडीची बॅटरी अल्टरनेटर भरतो, अल्टरनेटर इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोल पितं. त्या विजेने पाणी फोडायचं आणि निघालेला वायू पुन्हा इंजिनात जाळायचा. दर पायरीला थोडी थोडी ऊर्जा वाटेत सांडते. आपल्याच खिशातून पैसे काढून आपल्यालाच भीक घालण्यातला प्रकार. वर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच नळीतून फिरवणं म्हणजे बॉनेटखाली फटाका ठेवणं. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो. सोड्याऐवजी कुणी मीठ टाकलं तर क्लोरीन निघतो तो वेगळाच.

मॅडम, तुमचं वाचलं. रसायनातलं मला कळत नाही, विजेतलं कळतं. नंतर सविस्तर लिहितो, आता फिरायला चाललोय.

---

टाफेलचा_उतार | सोमवार, सकाळी ९:३०

पांढरंसोनं, एकच प्रश्न. समोरचा इलेक्ट्रोड, म्हणजे काउंटर, कशाचा आहे?

---

पांढरंसोनं | सोमवार, दुपारी १:१०

प्लॅटिनमची तार. पोटेन्शिओस्टॅटसोबत (व्होल्टेज नेमकं देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) आलेली. का हो?

---

टाफेलचा_उतार | सोमवार, दुपारी २:०२

मग तुमच्या लोखंडी तव्याचं गुपित बहुधा तिथेच आहे. वाईट वाटून घेऊ नका, या खड्ड्यात मीही पडलोय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, पूर्ण चार महिने.

तुमच्या काळ्या टिकलीवर हायड्रोजन निघतो तेव्हा समोरच्या तारेवर ऑक्सिजन निघत असतो. तिथला विद्युतदाब (व्होल्टेज) इतका असतो की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्साइड बनतं. फेऱ्या मारल्या की ते बनतं, मोडतं, पुन्हा बनतं, आणि प्रत्येक वेळी प्लॅटिनमचे थोडे अणू आम्लात सुटतात. सुटलेले अणू जाणार कुठे? समोर ऋण दाबावरचा इलेक्ट्रोड वाटच बघत असतो. त्यावर जाऊन बसतात. म्हणजे तुम्ही नकळत पऱ्हाटीच्या कोळशावर प्लॅटिनमचा मुलामा चढवताय, आणि ३००० फेऱ्यांनंतर मोजताय ते प्लॅटिनम.

किती लागतं? टिकलीचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा जागेला एखादा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, पुरतो. तार वजन करून तुम्हाला कधीच कळणार नाही.

तपासायचं असं : तार काढा, ग्रॅफाइटची कांडी लावा, शक्य असेल तर ती सच्छिद्र काचेमागे वेगळ्या कप्प्यात. द्रावण नवं. भांडं नवं, किंवा आम्लराजात (प्लॅटिनमही विरघळवणारं तीव्र आम्लमिश्रण) धुतलेलं, कारण जुन्या काचेलाही प्लॅटिनम चिकटून असतं. शाई नवी. तेवढ्याच फेऱ्या मारा. आकडा तरीही ८५ वर आला तर मी स्वतः यवतमाळला येऊन मुलींना पेढे देईन.

आणि तोवर पेपरवाल्याला थांबवा.

---

पांढरंसोनं | सोमवार, दुपारी २:२०

पोटात गोळा आला वाचून. पण झोप का लागत नव्हती ते कळलं. ग्रॅफाइटची कांडी मागवते.

---

निवृत्त_तारतंत्री | मंगळवार, सकाळी ७:००

म्हटल्याप्रमाणे विजेचा हिशोब. कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो, नात म्हणाली आजोबा परीक्षा आहे का.

एक किलो हायड्रोजन काढायला साधारण २६,६०० अँपिअर-तास विद्युतभार लागतो. यात कुठलाही कॅटॅलिस्ट सूट देत नाही, फॅरेडेसाहेबांचा नियम आहे. सूट मिळते ती फक्त व्होल्टेजमध्ये. पाणी फुटायला किमान १.२३ व्होल्ट. बाहेरून उष्णता द्यायची नसेल तर १.४८. प्रत्यक्ष कारखान्यात १.८ ते २ व्होल्ट लागतात. म्हणून १.४८ ला किलोमागे ३९ युनिट, १.८ ला ४८, २.० ला ५३. पंप, गाळण्या, रेक्टिफायर धरून साधारण ५० ते ५५ युनिट समजा.

वीज ५ रुपये युनिट धरली तर एका किलोत अडीचशे-पावणेतीनशे रुपये नुसते विजेचे. तुमच्या कॅटॅलिस्टने ०.१ व्होल्ट वाचवला तर २.६६ युनिट वाचले, म्हणजे किलोमागे १३ रुपये. आणि कॅटॅलिस्ट फुकटचा असून ०.१ व्होल्ट जास्त खात असेल तर तेवढाच तोटा. रोज, वर्षानुवर्षं.

तेव्हा मॅडम, पऱ्हाटी फुकट आहे हे ठीक. पण कॅटॅलिस्टची किंमत बाजारात मोजायची नसते, मीटरवर मोजायची असते.

---

चहाबाज | मंगळवार, सकाळी ९:१२

काकांना +१. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर केले, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. हे सगळं शेवटी त्या ५० युनिटांवरच अडतं. रिफायनऱ्या आणि खत कारखाने आज नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवतात, तो स्वस्त पडतो. फक्त किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड आकाशात सोडून.

---

फ्योर्डकाठी | मंगळवार, दुपारी १२:४०

नॉर्वेतून वाचतेय. इथे हे काम शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना र्युकानला नेलं. अरुंद दरी, हिवाळ्यात गावात सहा महिने थेट ऊन नाही. वर डोंगराच्या कडेला वेमॉर्कचं १९११ चं जलविद्युत केंद्र, आता तिथे संग्रहालय आहे. फुकटात पडणाऱ्या पाण्याची एवढी वीज होती की ती विकायची कुणाला हाच प्रश्न. मग तिने पाणी फोडलं, हायड्रोजनचा अमोनिया केला आणि अमोनियाचं खत. जड पाणी (जड हायड्रोजनचं, अणुभट्टीत लागणारं) हे त्याच कामातलं उपउत्पादन. ते जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून फेब्रुवारी १९४३ मध्ये तिथे तो प्रसिद्ध घातपात झाला. हायड्रोजनची इमारत १९७७ मध्ये पाडली होती, तिचं तळघर उकरून आता बघायला ठेवलंय.

बाबा खत कारखान्यातून निवृत्त. ते म्हणाले, अगं हे तर आपल्याकडे पंजाबात नांगलला होतं! भाक्राची स्वस्त वीज, पाण्यातून हायड्रोजन, त्यातून खत, आणि बाजूला १९६२ साली जड पाण्याचा प्रकल्प. पुढे वीज महागली आणि ते तेलाकडे वळले.

सांगायचं कारण : या दोन्ही ठिकाणी प्लॅटिनम नव्हतं. पोटॅशच्या द्रावणात निकेल. मग आज स्वस्त कॅटॅलिस्टचा एवढा गाजावाजा कशासाठी?

---

टाफेलचा_उतार | मंगळवार, रात्री ९:५०

फ्योर्डकाठी, नेमका प्रश्न.

दोन घराणी आहेत. जुनं घराणं अल्कलीचं : २५-३० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तेच तुमचं पोटॅश), ७० ते ९० अंश तापमान, मध्ये डायाफ्राम म्हणजे सच्छिद्र पडदा (पूर्वी ॲस्बेस्टॉसचा, आता झिरकोनियाचा), दोन्ही बाजूंना निकेल. दणकट, पण सुस्त. दर चौरस सेंटिमीटरला ०.२ ते ०.४ अँपिअर, आणि वीज कमीजास्त झाली की रुसतं. नवं घराणं आम्लधर्मी पडद्याचं, ज्याला पेम म्हणतात. सुटसुटीत, दोन अँपिअरलाही हसत चालतं, सौरऊर्जेच्या लहरीपणाशी जुळवून घेतं. पण आतलं वातावरण इतकं आम्लधर्मी की निकेल विरघळून जातं. तिथे हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागतं.

खरी गोम इरिडियमची. जगभरात वर्षाला सात-आठ टन निघतं. बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, तेही प्लॅटिनम काढताना सोबत येतं म्हणून. मुद्दाम वाढवता येत नाही. एका मेगावॉटला अर्धा किलोच्या आसपास लागतं. भागाकार करा : जगातलं सगळं इरिडियम याच कामाला लावलं तरी वर्षाला पंधरा-सोळा गिगावॉटच्या पुढे गाडी जात नाही.

म्हणून तिसरं घराणं जन्माला येतंय : पडदा पेमसारखा, द्रावण अल्कलीचं. ऑइल इंडियाने एप्रिल २०२२ मध्ये आसामात जोरहाटला दिवसाला १० किलोचा प्रकल्प सुरू केला, तो या जातीचा. तिथे निकेल, लोखंड, कोबाल्ट चालतात.

आता थोडं कडू. पांढरंसोनं, हे तुमच्यासाठी आहे आणि तुमच्यासारखे प्रबंध लिहिणाऱ्या शेकडो मुलामुलींसाठीही. हायड्रोजनच्या बाजूच्या कॅटॅलिस्टवर पंगतच्या पंगत बसलीय, कारण तिथे दोनच इलेक्ट्रॉनांचं काम आहे. ऑक्सिजनच्या बाजूला चार इलेक्ट्रॉन लागतात, तीच बाजू जास्त व्होल्ट खाते. पऱ्हाटीचा कोळसा तिथे नेला तर तो स्वतःच जळून कार्बन डायऑक्साइड होईल.

आणि ते १० मिलिअँपिअर. एका किलोला दिवसभरात किती जागा लागेल या दराने? माझ्या हिशोबाने ११ चौरस मीटर.

---

निवृत्त_तारतंत्री | बुधवार, सकाळी ६:४०

म्हणजे १२० चौरस फूट. आमची चाळीतली खोली तेवढीच होती, दहा बाय बारा, सहा माणसं राहायचो. अख्ख्या खोलीभर इलेक्ट्रोड अंथरून दिवसाला एक किलो! आणि एक अँपिअरला चालवला तर सव्वा चौरस फूट, म्हणजे चौरंगाएवढा.

---

गिल्टवाला | बुधवार, दुपारी ३:३०

मी कोल्हापूरचा, निकेल-क्रोमचं प्लेटिंग करतो, बावीस वर्षं झाली. धागा घरच्यांनी पाठवला, तुझ्या कामाचं दिसतंय म्हणून. एक समजलं नाही. निकेलवर एवढं चाललंय तर निकेल चढवणं हे आमच्याकडे दिवसाला शेकड्यांनी होतं. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड, बोरिक ॲसिड, ५५ अंश, करंट लाव, झालं. लोखंडी जाळीवर चढवून दिली तर चालेल का? मॅडमना लागली तर पाठवतो. पैसे नकोत, आपल्या पोरींसाठी.

---

पांढरंसोनं | पुढचा गुरुवार, रात्री ११:३०

ग्रॅफाइटची कांडी आली. चार दिवस लागले.

पहिली फेरी ३४५. १००० फेऱ्यांनंतर ३४०. ३००० फेऱ्यांनंतर ३५०.

बस. इतकंच. पऱ्हाटीचा कोळसा हा पऱ्हाटीचा कोळसाच आहे. जुना इलेक्ट्रोड ओळखीच्या एका प्रयोगशाळेत तपासायला दिला, प्लॅटिनम सापडलं.

एक मुलगी रडली. दुसरी म्हणाली, मॅडम, बरं झालं बातमी आली नाही, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. प्राचार्यांना सांगितलं तर म्हणाले, पण काहीतरी तर सुधारलं ना? मी म्हटलं हो, आमची अक्कल.

टाफेल, तुमचे पेढे वाचले. गिल्टवालादादा, जाळी खरंच पाठवाल? प्रकल्पाला अजून अडीच महिने आहेत. ऑक्सिजनची बाजू घेऊन बघते.

---

टाफेलचा_उतार | शुक्रवार, सकाळी ८:१५

हे इथे उघडपणे लिहिलंत त्याला सलाम. छापून आलेल्या कितीतरी आलेखांत ही प्लॅटिनमची तार अजून बसलेली असेल.

ऑक्सिजनसाठी तीन सूचना. एक, काचेचं भांडं नको. केओएच काच खातं आणि काचेतलं लोखंड द्रावणात उतरतं. प्लास्टिकचं पॉलिप्रॉपिलिन घ्या. दोन, संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो तो) मर्क्युरी ऑक्साइडचा, सिल्व्हर क्लोराइडचा अल्कलीत टिकत नाही. तीन, निकेल स्वतः १.३५-१.४ व्होल्टच्या आसपास ऑक्सिडाइज होतं, तिथे एक उंचवटा येतो. तो ऑक्सिजनचा प्रवाह समजून मोजू नका. १० ऐवजी १०० आणि २०० मिलिअँपिअरला मोजा.

---

पांढरंसोनं | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:००

धागा वर काढतेय. कोल्हापूरहून जाळी आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सोबत गुळाची ढेप. दादा, ढेप स्टाफरूममध्ये दोन दिवसांत संपली.

पण आता मला कशावरच विश्वास राहिला नाही. कारण पुन्हा तेच होतंय! निकेलची जाळी केओएचमध्ये ऑक्सिजन काढायला लावली, पहिल्या दिवशी सुमार. दुसऱ्या दिवशी बरी. पाचव्या दिवशी चांगली. आणि यावेळी प्लॅटिनम कुठेच नाही, समोरही निकेलचीच जाळी आहे. भांडं प्लास्टिकचं. आता कोण चढून बसतंय?

---

टाफेलचा_उतार | शनिवार, रात्री ९:४०

हाहा. संशय घ्यायला शिकलात. केओएच कुठलं वापरलंत? साधं प्रयोगशाळेतलं? त्याच्या बाटलीवरची अशुद्धींची यादी वाचा, 'लोह' असं काहीतरी असेल, दशलक्षांत काही भाग.

तेच चढून बसतंय. लोखंड.

याला मोठा इतिहास आहे. एडिसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकेल-लोखंडाची बॅटरी केली. निकेलच्या पट्टीत लोखंड गेलं की चार्जिंग करताना वीज साठण्याऐवजी ऑक्सिजनचे बुडबुडे निघून जात. म्हणून बॅटरीवाल्यांसाठी लोखंड म्हणजे विष. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगन या संशोधकाने दाखवून दिलं की अगदी अत्यल्प लोखंडानेही निकेल ऑक्साइडवर ऑक्सिजन सहज निघू लागतो. तरी कित्येक वर्षं सगळे निकेलच उत्तम म्हणत राहिले. २०१४ मध्ये ओरेगॉनच्या बोएचर यांच्या गटाने केओएचमधून लोखंड खरोखर पूर्ण काढलं. कसं? शुद्ध निकेल हायड्रॉक्साइड त्यात ढवळलं, ते लोखंड शोषून घेतं, मग गाळ खाली बसवला. त्या द्रावणात निकेल अगदीच मठ्ठ निघालं. म्हणजे इतकी वर्षं ज्याचं कौतुक चाललं होतं ते काम बाटलीतल्या मळाचं होतं.

---

पांढरंसोनं | शनिवार, रात्री ९:५५

म्हणजे हीही फसवणूकच ना? एकदा प्लॅटिनम, एकदा लोखंड.

---

टाफेलचा_उतार | शनिवार, रात्री १०:२०

नाही, आणि फरक नीट समजून घ्या. प्लॅटिनम तुमच्या खऱ्या यंत्रात असणार नव्हतं, म्हणून तो आकडा खोटा होता. लोखंड तुम्हाला हवं तेवढं, मुद्दाम, जवळजवळ फुकटात घालता येतं. यंत्रातही ते राहील. फक्त प्रबंधात 'निकेल' लिहू नका, 'निकेल-लोखंड' लिहा, आणि किती ते मोजून लिहा. साधारण दहा ते पंचवीस टक्के लोखंड असताना उत्तम चालतं, फार झालं की वेगळा गंज बनून वीज अडवतो.

---

गिल्टवाला | रविवार, सकाळी १०:०५

थांबा थांबा. आमच्या निकेलच्या टाकीत लोखंड गेलं की आम्ही डोक्याला हात लावतो. एखादा जॉब (प्लेटिंगला आलेला लोखंडी नग) टाकीत पडून राहिला की विरघळतो, मग प्लेटिंग काळपट येतं, खरबरीत येतं, वाकवलं की तडकतं. मग रात्र घालवायची : हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, पीएच चढवा, लोखंड तपकिरी गाळ होऊन बसतं, कोळशातून गाळून काढा. सकाळी टाकी हिरवीगार काचेसारखी दिसली की चहा.

आणि तुम्ही म्हणता हेच लोखंड मुद्दाम घाला? आधी कळलं असतं तर बावीस वर्षांचा गाळ साठवून ठेवला असता की राव!

मॅडम, खराब टाकीत काढलेली जाळी हवी का? ती मात्र माझ्याकडे नेहमीच मिळेल.

---

पांढरंसोनं | रविवार, सकाळी १०:३०

हवी! चांगल्या टाकीतल्या दोन, खराब टाकीतल्या दोन. शिवाय आम्ही इथे एक चांगली जाळी फेरस सल्फेटच्या (लोखंडाचा क्षार) ताज्या द्रावणात बुडवून काढू. (ताजं, कारण मुलींनी आदल्या दिवशीचं घेतलं तर ते चहासारखं तांबूस झालं होतं.) तिन्हींची तुलना.

---

जुगाडू | रविवार, दुपारी १२:१५

एक शंका. एवढं शुद्ध पाणी कशाला? आपल्याकडे शेकडो किलोमीटर समुद्र आहे. थेट समुद्राच्या पाण्यावर चालणारा कॅटॅलिस्ट का नाही करत? हल्ली त्याच्या बातम्या येतात. (किट काढून विकलं. ८०० रुपये आले.)

---

निवृत्त_तारतंत्री | रविवार, दुपारी ४:३०

शाब्बास, ८०० तर ८००.

समुद्राचं : एक घनमीटर म्हणजे हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर, सांडलवंड धरून जास्त. दहा लिटर धरा : ०.०४ युनिट. पन्नास युनिटांच्या बिलात ०.०४! ते वाचवण्यासाठी यंत्रात मीठ घालून क्लोरीन आणि गंज ओढवून घ्यायचा? बातम्या येऊ देत. कोकणात आधी आरओ बसवा, मग पुढचं बोला.

---

पांढरंसोनं | पाच आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०:४५

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

२५ चौरस सेंटिमीटरची जाळी, दोन्ही बाजूंना. ३० टक्के केओएच, ७० अंश. प्रवाह ५ अँपिअर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २००. आमच्या इवल्या टिकलीवरून इथवर आलो हेच मला खूप वाटतं. यंत्र घेतं साधारण साडेनऊ वॉट, एका एलईडी बल्बाइतकं. दिवसाला साडेचार ग्रॅम हायड्रोजन, तो नळीने थेट हूडमधून बाहेर. चष्मा आणि हातमोज्यांशिवाय कुणाला आत सोडत नाही. केओएच डोळ्यात गेलं तर डोळा जातो, हे लाल अक्षरात दारावर लावलंय.

चांगल्या टाकीतली जाळी : २.०३ व्होल्ट. खराब टाकीतली : १.९५. फेरस सल्फेटमध्ये बुडवलेली : १.८८. दादांच्या खराब टाकीने चांगलीला हरवलं, पण तिचा मुलामा आठ दिवसांत पोपडे धरून सुटायला लागला. ते म्हणालेच होते, तडकतं. बुडवलेली मात्र ३०० तास झाले, चालू आहे.

काका, तुमच्या हिशोबाने ०.१५ व्होल्ट म्हणजे किलोमागे चार युनिट. मुलींनी हे प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

एक अडचण. आमच्याकडे रात्री लाइट जाते. दर वेळी परत आली की व्होल्टेज थोडं चढलेलं असतं. १.८८ चं १.८९, मग १.९१. हे काय?

---

निवृत्त_तारतंत्री | मंगळवार, सकाळी ६:३०

लाइट गेली की तुमचा डबा उलटा बॅटरीसारखा वागतो. एका बाजूला हायड्रोजन, एका बाजूला ऑक्सिजन साठलेला, बाहेरून वाट मिळाली की प्रवाह उलटा. सप्लायच्या आतूनही वाट मिळते. हायड्रोजनच्या बाजूच्या निकेलला ते सोसत नाही, त्यावर ऑक्साइड चढतं. सौरऊर्जेवर रोज संध्याकाळी हेच होणार, म्हणून मोठ्या प्रकल्पांनाही ही डोकेदुखी आहे. तुम्ही आत्ता एवढंच करा : एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा आणि स्कूटरची जुनी बॅटरी जोडून लाइट गेल्यावर थोडासा प्रवाह चालू ठेवा.

---

टाफेलचा_उतार | मंगळवार, सकाळी ९:००

काकांना +१. पण पाण्याची पातळीही बघा. ५ अँपिअरला दिवसाला ४० मिलिलिटर पाणी फुटतं, ७० अंशांवर वाफ जाते ती वेगळी. पातळी उतरली की जाळीचा वरचा भाग उघडा पडतो.

---

पांढरंसोनं | मंगळवार, रात्री ८:१०

आत्ताच लॅबमधून फोन आला. 'मॅडम, रविवारी पाणी घालायची पाळी माझी होती, विसरले.' ऊर्ध्वपातित पाणी खुणेपर्यंत भरलं, तासाभरात १.८९. उरलेला एक शतांश काकांचा, बॅटरी उद्या येतेय.

---

गिल्टवाला | मंगळवार, रात्री ८:२५

पुढच्या पार्सलमध्ये जाळी किती पाठवू? आणि गूळ की काकवी?